पोकलेन बोलावण्याआधी

प्रति,
कारखाने, डेपो आणि गोदामं चालवणारे मालक व व्यवस्थापक, तसंच जागेच्या तपासणीची आणि सफाईची निविदा काढणारी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमची-माझी भेट साधारण एकाच प्रकारच्या प्रसंगी होते. जागा विकायला काढलेली असते, भाडेकरार संपत आलेला असतो, किंवा नव्या शेडच्या पायासाठी खोदताना माती काळपट निघते आणि तिला डिझेलचा वास येतो. मग फोन. फोनवरचं वाक्यही जवळपास ठरलेलं: "मॅडम, चार बोअर मारून घ्या, रिपोर्ट द्या, आणि माती उचलायला किती दिवस लागतील तेवढं सांगा."

मी भूशास्त्रज्ञ आहे. इंधन झिरपलेल्या जमिनी तपासणं हे माझं काम. या कामात चिखलाचा आणि वासाचा त्रास होतोच, पण सगळ्यात जास्त त्रास या एका वाक्याने दिलाय. त्यात बोअर किती, म्हणजे माती तपासायला जमिनीत किती भोकं पाडायची, हे ठरलंय, माती उचलायची हेही ठरलंय. इंधन कुठे आहे, एवढंच ठरायचं राहिलंय.

गळती म्हटल्यावर डोळ्यांपुढे फुटलेला पाइप येतो, जमिनीवर साचलेलं तळं येतं. तशा गळत्या होतात, पण त्या दिसतात, बोंबाबोंब होते आणि काहीतरी केलंही जातं. जमिनीची खरी वाट लावते ती थेंबाथेंबाची गळती. सेकंदाला एक थेंब धरा. वीस थेंबांचा एक मिलिलिटर म्हटला तर दिवसाला सव्वाचार लिटर, वर्षाला दीड हजार लिटर. जमिनीखालच्या पाइपाच्या एखाद्या सांध्यातून, जुन्या झालेल्या गॅस्केटमधून एवढं सहज जातं आणि वरच्या काँक्रीटला साधा डागही पडत नाही. दहा वर्षांनी जागा विकायला निघते, तेव्हा पंधरा हजार लिटर गेलं कुठे हे विचारायला कोणी उरलेलं नसतं.

वही मात्र उरलेली असते. टाकीत रोज पट्टी बुडवून घेतलेली पातळी, आलेला टँकर, वाटलेलं इंधन. या वहीतली तूट दाखवली की मला एकच उत्तर मिळतं: "मीटरमध्ये थोडा फरक येतोच, उन्हाने उडून पण जातं." येतो ना फरक. पण मोजणीतली चूक कधी कमी दाखवते, कधी जास्त. गळती मात्र रोज एकाच बाजूला ओढते. तीन महिन्यांच्या नोंदी ओळीने मांडल्या आणि वजाबाकी सारखी त्याच दिशेला जात असली, तर तुमचा पहिला बोअर तिथेच, त्या वहीत झालेला असतो, आणि त्याला खर्च शून्य.

हवाई बेटांवर रेड हिल इथे अमेरिकी नौदलाचा डोंगराच्या पोटातला इंधनसाठा होता. १९४०च्या दशकातल्या २० अजस्र टाक्या, आणि त्यांच्या साधारण १०० फूट खाली पिण्याच्या पाण्याचा जलसाठा. मे २०२१मध्ये तिथल्या वाहिनीत दाबाचा धक्का बसून सुमारे ७५ हजार लिटर विमानाचं इंधन बाहेर पडलं. त्यातलं बरंचसं आग विझवण्याच्या यंत्रणेच्या निचऱ्याच्या पाइपात जाऊन बसलं, आणि हिशेबातली तूट नीट शोधली गेली नाही. सहा महिने ते तिथेच होतं. नोव्हेंबरमध्ये त्या पाइपाला एका गाडीची धडक बसली, इंधन बाहेर आलं आणि विहिरीत उतरलं. त्या व्यवस्थेवर सुमारे ९३ हजार लोकांचं पाणी अवलंबून होतं. घराघरांतल्या नळांना इंधनाचा वास येऊ लागला, माणसं आजारी पडली. मेमध्ये कोणी ती वजाबाकी पुरती केली असती, तर इंधन पाइपातच सापडलं असतं.

आता जमिनीखाली काय होतं ते थोडं सविस्तर सांगते, कारण चार बोअरचा हट्ट इथेच मोडतो.

डिझेल आणि पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं. गळलेलं इंधन मातीच्या कणांमधून खाली उतरतं. वाटेत कणांना चिकटून थोडं मागे राहतं, चिकणमातीचा थर लागला की आडवं पसरतं, कातळाची फट मिळाली की तिच्यातून वाट काढतं. भूजलाच्या पातळीपाशी पोहोचलं की तिथे तवंगासारखं थबकतं. पण भूजलाची पातळी एका जागी कुठे राहते? पाऊस पडला की वर, कोरडे दिवस आले की खाली. तिच्याबरोबर तो तवंगही वरखाली होतो, आणि ब्रशने भिंत रंगवावी तसा मातीचा मीटर-दीड मीटरचा, कधी त्याहून जाड पट्टा इंधनाने माखून ठेवतो. हा माखलेला पट्टा म्हणजेच बहुतेक जागांचा खरा आजार. वरून दोन मीटर माती स्वच्छ, खाली पाण्याच्या पातळीपाशी काळी. दोन मीटरवर थांबलेला बोअर तुम्हाला छान रिपोर्ट देईल.

विहिरीतला तवंगही फसवतो. निरीक्षण विहिरीत, म्हणजे भूजल तपासायला जमिनीत बसवलेल्या छिद्रांच्या नळीत, अर्धा मीटर डिझेल दिसलं म्हणजे बाहेर मातीतही अर्धा मीटर जाडीचं डिझेल आहे असं नाही. विहीर मोकळी असते, माती नसते. बारीक मातीत तर विहीर बराच फुगवलेला आकडा दाखवते. भूजल वर चढलं की उलटं होतं. तेल पाण्याखाली मातीत अडकून बसतं, विहिरीत काहीच दिसत नाही आणि सगळे खूश. ओल्या दिवसांत एकदाच मोजून "तवंग आढळला नाही" असं लिहिलेले रिपोर्ट मी पाहिलेत. सही करणाऱ्याने खोटं लिहिलं नव्हतं. तो चुकीच्या महिन्यात गेला होता.

एक माझ्याकडचं सांगते. जागेचं नाव नको. आवाराच्या एका कोपऱ्यात जुनी भूमिगत टाकी, तिच्याभोवती तीन बोअर आणि चौथा फाटकाजवळ, असं व्यवस्थापकांनी आखून दिलं होतं. कारणही रास्त वाटलं: बाकी ठिकाणी कामं चालू आहेत, मशीन उभं करायला जागा नाही. मी मान्य केलं. चारही बोअर जवळजवळ स्वच्छ निघाले. सामान आवरताना एक वयस्क पंप ऑपरेटर जवळ आले आणि अगदी सहज म्हणाले, "ताई, टाकी इथे आहे ती आत्ताची. आधी लाइन तिकडून जायची, वर्कशॉपच्या खालून. ती बंद केली, काढली नाही." तिकडून म्हणजे आम्ही जिथे मशीन उभं करू शकत नव्हतो तिथून. पुढच्या खेपेला वर्कशॉपच्या फरशीला भोक पाडलं, तर पाइपाभोवती भरलेल्या वाळूतून डिझेल नाल्याच्या दिशेने कधीचंच निघून गेलं होतं. पाइपाचा चर हा जमिनीखालचा गुळगुळीत रस्ताच असतो. चिकणमाती अडवते, वाळूचा चर वाट देतो. चूक माझी होती. बोअर कुठे घ्यायचे हे मी जागेला विचारायला हवं होतं, पार्किंगला नव्हे.

म्हणून पहिलं मागणं हे की बोअरचा आकडा निविदेत घट्ट बांधून टाकू नका. आधी जुने आराखडे काढा, बंद केलेल्या टाक्या, हलवलेले पाइप, तेल-पाणी वेगळं करणारे खड्डे, वॉशिंगचा रॅम्प, जनरेटरची खोली, टँकर रिकामा करण्याची जागा, हे सगळं एका नकाशावर येऊ द्या. उगम कुठला, वाट कुठली, आणि त्या वाटेच्या टोकाला कोण आहे: विहीर आहे, नाला आहे, की तळघरात बसून काम करणारी माणसं आहेत? या तिन्हींची साखळी जुळत असेल तर धोका आहे आणि तो किती हे मोजता येतं, कुठे तुटत असेल तर त्या वाटेने धोका नाही. मग बोअर. आणि भूजलाच्या निदान तीन विहिरी, त्याही एका रेषेत नको, त्रिकोणात. दोन विहिरींवरून पाण्याचा उतार कुठल्या दिशेला आहे ते कळत नाही. पैसे वाचवायला तिसरी विहीर रद्द झालेली मी इतक्यांदा पाहिलीये की आता त्यावर वाद घालतानाही थकायला होतं.

नमुन्यांबद्दल थोडकंच, पण ते तुमच्या खिशाशी निगडित आहे. पेट्रोलचे घटक हवेत उडून जातात. माती ट्रेमध्ये पसरून, चार ठिकाणची एकत्र कालवून मग बाटलीत भरली, तर लॅबमध्ये पोहोचेपर्यंत बेंझीन बरंचसं वाटेतच गेलेलं असतं. बाटली काचेची, काठोकाठ भरलेली, लगेच बर्फावर, साधारण ४ अंशांना. हातातल्या वायुशोधक यंत्रावरही आंधळा भरवसा नको. ते पेट्रोलची वाफ चटकन पकडतं, पण जुनं डिझेल त्याच्यासमोर जवळपास गप्प बसतं. काटा हलला नाही म्हणून नमुनाच घेतला नाही, असं होऊ देऊ नका.

लॅबचा आकडा आला की तुम्ही शेवटची ओळ बघता: एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, इतके मिलिग्रॅम प्रति किलो. एका आकड्यावर पोकलेन येतं किंवा जातं. पण पाच हजारांचा आकडा ताज्या पेट्रोलचा असेल तर एक गोष्ट, आणि वीस वर्षं मुरलेल्या वंगणतेलाचा असेल तर दुसरी. पहिल्यात बेंझीन असतं. बेंझीनने कर्करोग होतो याबद्दल आता शंका उरलेली नाही, आणि पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये एक टक्का बेंझीन धरा, ते झालं पावणेनऊ ग्रॅम. एवढ्याने पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेला टेकतं. वंगणतेल त्या मानाने पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, मातीला धरून बसतं. म्हणून लॅबकडून नुसता आकडा घेऊ नका, इंधनातले घटक वेगवेगळे दाखवणारा यंत्राचा आलेखही मागा. ताज्या डिझेलचा आलेख कंगव्यासारखा दिसतो, सारख्या अंतरावर उभे दात. जिवाणूंनी खाल्लेल्या जुन्या डिझेलचे दात झडलेले असतात, उरतो तो नुसता उंचवटा. गळती जुनी की अजून चालू, हे त्या एका पानावरून पुष्कळ कळतं. ते पान रिपोर्टच्या परिशिष्टात टाकायला लॅबला काहीही पडत नाही, फक्त कोणी मागत नाही.

आता माती उचलण्याविषयी. मी खोदकामाच्या विरोधात नाही. इंधन उथळ असेल, थोड्या जागेत असेल, वर इमारत नसेल, तर खोदून काढणं हाच सर्वांत झटपट आणि खात्रीचा मार्ग. पण खोदलेली माती नाहीशी होत नाही, ती दुसरीकडे जाते. सैल झाल्यावर ती २० ते ३० टक्के फुगतेही, म्हणून ट्रक ठरल्यापेक्षा जास्त लागतात आणि भांडण होतं. पेट्रोलच्या जागी खड्डा उघडला की वाफ तळाशी साचते, कारण ती हवेपेक्षा जड आहे. हवेत सुमारे दीड टक्का वाफ झाली तरी ठिणगी पुरते. आणि माखलेला पट्टा पाण्याच्या पातळीखाली जात असेल, तर खड्ड्यात पाणी भरतं, ते उपसायचं, तेही दूषितच. कितीतरी ठिकाणी पोकलेन काळ्या मातीचा वरचा भाग काढून पाण्यापाशी थांबलं, वर मुरूम टाकला, रोलर फिरवला, फोटो काढले. दुसऱ्या वर्षी खालचं डिझेल नव्या मुरुमात चढलं.

दुसऱ्या टोकाला पुड्यांचा धंदा आहे. "तेल खाणारे जिवाणू" म्हणून डबे विकायला येतात. खरी गंमत अशी की हे जिवाणू बहुतेक जमिनीत आधीपासूनच हजर असतात, आणि इंधन मिळालं की त्यांची संख्या आपोआप वाढते. कमी पडते ती हवा. एक किलो डिझेल पूर्ण पचवायला जवळपास ३.४ किलो प्राणवायू लागतो. पाण्यात विरघळून तो पोहोचवायचा म्हटलं, तर लिटरला आठेक मिलिग्रॅम या हिशेबाने सव्वाचार लाख लिटर पाणी जमिनीतून फिरवावं लागेल. तेवढाच प्राणवायू बारा घनमीटर हवेत असतो, म्हणजे एका लहानशा खोलीतल्या निम्म्याअर्ध्या हवेत. हा हिशेब एकदा समजला की अर्धी निवड होऊन जाते. पाण्याच्या पातळीच्या वर असलेल्या डिझेलला हळूहळू हवा पुरवणं हा फार स्वस्त आणि चांगला उपाय आहे. पेट्रोल असेल तर उलट जमिनीतली हवा खेचून घ्यायची, म्हणजे वाफच बाहेर निघते. खोदलेली माती जागेवरच रचून, खाली नळ्या घालून, ओल टिकवून, नत्र-स्फुरद देऊन, महिनोन्महिने हवा पुरवत साफ करता येते. घट्ट चिकणमाती मात्र हवा आत घेत नाही. तिथे हे सगळे उपाय रडतात, आणि मीही तुम्हाला खोदा असंच सांगेन.

"मग निसर्गावरच सोडून देऊ," असं एकाने मला हसत हसत सांगितलं होतं. त्यावर उत्तर मिनेसोटातलं आहे. बेमिजी गावाजवळ २० ऑगस्ट १९७९ रोजी तेलवाहिनी फुटली आणि सुमारे १७ लाख लिटर कच्चं तेल सांडलं. सफाई झाल्यावरही अंदाजे चार लाख लिटर जमिनीत राहिलं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने १९८३पासून त्या जागेला प्रयोगशाळाच करून टाकलं. तिथे दिसलं की जिवाणू विरघळलेलं तेल खात राहतात, प्राणवायू संपला की मातीतल्या लोहावर काम चालवतात, तेही संपलं की मिथेन सोडत खातात, आणि त्यामुळे दूषित पाण्याचा पट्टा वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ हळू पुढे सरकतो. आशादायक आहे. पण चाळीस वर्षांनंतरही तेल तिथे आहेच. म्हणजे निसर्गावर सोडायला हरकत नाही, पण त्याचा अर्थ गळती बंद करणं, वर तरंगणारं तेल काढून घेणं, जवळ विहीर नाही याची खात्री करणं आणि मग वर्षानुवर्षं मोजत राहणं. काही न करण्याला हे नाव देता येत नाही. मोजणीचा खर्च ज्यात नाही ती योजना मी वाचतही नाही.

व्यवस्थापकांना एक खास सांगायचंय. तुमच्या वरच्यांना तारीख हवी असते, मला माहीत आहे. वित्त विभागाला आकडा हवा असतो. "अजून एक ऋतू थांबून पुन्हा मोजायला हवं" हे वाक्य बैठकीत कोणालाच म्हणायचं नसतं. ते माझ्या नावावर टाका. पत्रात लिहून देते, सही करते. पण मला फोन करून "आकडा मर्यादेच्या थोडा खाली बसतोय का बघा" असं म्हणू नका. असं म्हटलं गेलंय. फोन ठेवल्यावर मी ते नमुने पुन्हा पाठवले आणि आकडा होता तिथेच आला. त्या गृहस्थांनी पुढचं काम दुसऱ्यांना दिलं.

आणि एक काम असं आहे ज्याला मी लागत नाही, निविदा लागत नाही. तुमच्या आवारात वीस-पंचवीस वर्षं काम केलेली जी माणसं अजून नोकरीवर आहेत, त्यांच्यासोबत नकाशा घेऊन एक फेरी मारा. टाकी कधी बदलली, पाइप कुठून जायचा, कोणत्या वर्षी वर्कशॉपच्या मागे खड्डा करून काय ओतलं, हे त्यांना विचारा. आधी स्पष्ट सांगा की कोणावरही ठपका येणार नाही, आणि तो शब्द पाळा. सोबत सुपरवायझर नेऊ नका, त्याच्यासमोर ते बोलणार नाहीत. पेन्सिल न्या, खोडरबर नको. ते निवृत्त होण्याआधी हे झालं, तर माझा पहिला बोअर कुठे घ्यायचा ते मला फोनवरच सांगता येईल.

आपली,
जमिनीत बोअर घेत फिरणारी एक भूशास्त्रज्ञ